बांधावरचा भाऊ

कौशल्याबाई : चपातीत केस निघाला आसंल तर सरळ सांगायचं. बापाला घिऊन घरी यायची काय गरज व्हती, पोरी?

आरफा : मावशी, केस नाही निघाला.

कौशल्याबाई : मंग डाळ. शुक्रवारची डाळ खारट व्हती, कबूल. पन ती म्या न्हाई केली, त्या नव्या बाईनं केली. म्या नुस्ती चपातीवाली. पाच वर्सं झाली तुमच्या कंपनीच्या कॅन्टीनला, चपातीला कुनी नाव ठिवलं न्हाई.

बरकत : ताई, जेवणाची तक्रार नाही. तक्रार असलीच तर तुमची असेल. माझ्यावर.

कौशल्याबाई : माझी? आवो, म्या तर तुमाला वळखत सुदिक न्हाई.

बरकत : मी ओळखतो. पंधरा वर्षं झाली. फक्त नाव-गाव माहीत नव्हतं.

कौशल्याबाई : आरं देवा. पोरी, ह्यास्नी आधी बसव. उन्हातनं आल्यात. कुठनं आलात म्हनला?

आरफा : कासारवाडीहून. स्टेशनजवळ अब्बांचं मोबाइलचं दुकान आहे. सकाळपासून नुसती घाई. नवा शर्ट घातला, परत काढला, परत घातला. शेवटी मीच गाडीवर बसवून आणलं. अब्बा, पाणी घ्या आणि मुद्द्यावर या.

बरकत : तूच सांग. 

आरफा : बरं. मावशी, बुधवारी कॅन्टीनमध्ये माझी प्लेट पडली होती, आठवतंय?

कौशल्याबाई : न आठवाया काय झालं? फरशी मला पुसाया लागली.

आरफा : त्याच्या आधी तुम्ही ट्रॉली ढकलत होतात. पदर चाकात गेला. तुम्ही काय म्हणालात?

कौशल्याबाई : काय म्हननार? थांबा हो, पदर अडकला.

बरकत : या अल्लाह.

आरफा : बघितलंत अब्बा? तेच. अगदी तसंच. मावशी, ते ऐकलं आणि माझ्या हातातून प्लेट सुटली. तुमचं बोलणं मी रोज ऐकायचे. ‘गरम घे, पोरी,’ ‘एक अजून घे.’ पण हे वाक्य त्या आवाजात मी लहानपणापासून ऐकत आलेय. मोबाइलवर. गाण्याच्या आधी.

कौशल्याबाई : कसल्या गान्याच्या?

आरफा : लावते. ऐका.

कौशल्याबाई : ...बंद कर.

आरफा : मावशी...

कौशल्याबाई : बंद कर म्हनते ना. न्हाई. न्हाई, ऱ्हाऊ दे. चालू दे.

बरकत : पाणी देऊ का, ताई?

कौशल्याबाई : गप बसा. चतुराबाई हाय ती. मागं झील धरल्याली, ती चतुराबाई. माझी चुलतसासू. आवो, ती जाऊन अकरा वर्सं झाली. तिच्या बांगड्या वाजत्यात बगा, टाळ न्हाई तो, बांगड्या हायेत. हे तुमाला कुठं घावलं? एकबी कॅसेट ऱ्हायली न्हाई. एकबी न्हाई. म्या सोता माझ्या हातानं फिती काढल्या.

आरफा : काढल्या म्हणजे?

कौशल्याबाई : म्हंजी वढून काढल्या. पिंपरीत नानासाहेबांची कॅसेटची कंपनी व्हती. आमच्या माण गावच्या भातआवणीची गानी म्हना म्हनले. खाचरात चिखलात उभं ऱ्हाऊन रोपं लावताना आमी म्हनायचो, तीच. म्या आन् चतुराबाई यष्टीनं गेलो, एका दमात म्हनून आलो. माझा पदर खुर्चीच्या खिळ्यात अडकला, त्येबी त्यांनी तसंच ठिवलं. हजार कॅसेटी काढल्या. वर्सानं नानासाहेब गोण्या घिऊन दारात. म्हनले, बाई, चाळीस खपल्या. लोकांना तुमचा आवाज आवडला न्हाई. आन् गावात ही हसाहशी! गाणारीन आली, गाणारीन आली.

बरकत : आवाज आवडला नाही, असं म्हणाले?

कौशल्याबाई : तसंच म्हनले. मंग काय करायचं नऊशे साठ कॅसेटींचं? भात पोटरीत व्हतं, कणसं निघायच्या बेतात. पाखरं लई. फिती काढल्या आन् खाचरावर ह्या काठीपास्नं त्या काठीला बांधल्या. वारा आला की भुनभुन वाजायच्या. पाखरू म्हनून बसंना. गाव म्हनायचं, कौशल्येच्या आवाजाला पाखरंबी भ्यात्यात. त्या वर्सापास्नं म्या गायले न्हाई. पोरीच्या हळदीला सुदिक न्हाई. बायका म्हनल्या, एक म्हन. म्या आत जाऊन भांडी घासत बसले.

आरफा : मावशी, हे बघा. हा आकडा.

कौशल्याबाई : मला काय कळतंय त्यातलं? आन् हे धबधब्याचं चित्र कशापायी लावलंय? ह्या पान्यात कोन भात लावंल?

आरफा : ते कुणीतरी लावलंय, आपल्याला माहीतही नाही तो कोण. पण हा आकडा बघा. पस्तीस लाख. पस्तीस लाख वेळा ऐकलंय लोकांनी.

कौशल्याबाई : किती?

आरफा : पस्तीस लाख.

कौशल्याबाई : पोरी, माणच्या जत्रंला धा हजार मानूस आलं तर पाय ठिवाया जागा नसती.

बरकत : अख्ख्या पिंपरी-चिंचवडला एकेकदा ऐकवलं, तरी इतके व्हायचे नाहीत. आणि हे नुसतं नेटवरचं, ताई. हे तर आत्ता-आत्ताचं. त्याच्या आधी मेमरी कार्डांतून किती गेलं, त्याचा हिशोब फक्त वरच्याला ठाऊक.

कौशल्याबाई : हे काय ल्हिवलंय खाली?

आरफा : लोकांनी लिहिलंय. वाचू? ‘गाडी गुवाहाटीला खाली केली, हे ऐकत परत निघालो.’ ‘आमच्या ऊसतोडीच्या टोळीत रोज सकाळी हेच लागायचं.’ ‘पदर अडकला ऐकलं की आमची आजी हसायची.’ हे सुरतहून. हे बघा, ही नर्स आहे, म्हणते, ‘नाइट ड्यूटीला हेच लावते.’

कौशल्याबाई : माझं?

आरफा : तुमचं.

कौशल्याबाई : चतुराबाई, ऐकलं का गं? ...आन् वर नाव कुनाचं हाय? माझं न्हाई दिसत. कौ न्हाई त्यात.

आरफा : गायकाच्या जागी लिहिलंय, ‘बरकत मोबाइल कासारवाडी’. पुढं अब्बांचा नंबर.

कौशल्याबाई : म्हंजी हा बाप्या माझ्या आवाजात गातोय व्हय?

बरकत : तोच माझा गुन्हा आहे, ताई. आता मी सांगतो. किसन टेंपोवाल्यानं टेप दुरुस्तीला टाकला होता. आत ही कॅसेट अडकलेली. वेष्टन नाही, नाव नाही. एक बाजू कुणीतरी पुसून टाकलेली, दुसरी धड होती. म्हटलं बघू काय आहे. लावली, आणि दुकानात गिऱ्हाईक होतं ते पैसे द्यायचं विसरलं. मी घ्यायचं. तेव्हा आमचा धंदा काय होता, माहीत आहे? मेमरी कार्डात गाणी भरून द्यायची. नेटवरून उतरवायची, कॉम्प्युटरात ठेवायची, चार जीबीच्या कार्डात आठशे गाणी. दुकानाबाहेर लाइन. चाकणचे कंपनीवाले, निगडीचे ट्रकवाले, सगळे. कार्ड भरलं की चालतंय का बघायला पहिलं गाणं वाजवायचं. ते पहिलं गाणं मी हे ठेवलं. प्रत्येक कार्डात. कुणी काहीही मागू दे, एक नंबरला तुम्ही.

कौशल्याबाई : समद्यांच्यात?

बरकत : सगळ्यांच्यात. आणि गाण्याला नाव द्यावं लागतं. गाणारीचं नाव माहीत नाही, म्हणून दुकानाचं टाकलं. तेव्हा सगळेच दुकानवाले टाकायचे. फुकटची जाहिरात. माल आपला नाही, हे डोक्यात सुद्धा यायचं नाही. नानासाहेबांच्या कॅसेटी कशानं पडून राहिल्या? तुमच्या आवाजानं नाही, ताई. आमच्यासारख्यांनी. कार्डांच्या आधी आम्ही सीडी भरून द्यायचो. आख्खं गाणं फुकट मिळतंय तर कॅसेट कोण घेणार? तुमच्या कॅसेटकंपनीला आम्ही खाल्लं. आम्हाला पुढं नेटनं खाल्लं. आता कार्ड कुणी भरत नाही. मी काचा चिकटवतो मोबाइलला.

कौशल्याबाई : थांबा. म्हंजी आवाज वाईट नव्हता?

बरकत : वाईट? ताई, लोक ट्रक बाजूला घेऊन मला फोन करायचे!

आरफा : मावशी, रडू नका ना.

कौशल्याबाई : रडत न्हाई म्या. अठरा वर्सं भांडी घासली, त्याचा राग येतोय. फोन कशाला करायचे?

बरकत : नंबर होता ना त्यात. दिवसाला वीस-वीस फोन. आधी वाटलं, रिचार्जवाले. पण विचारायचे, ‘बरकतताई आहेत का?’ मी म्हणायचो, मीच बरकत. ते म्हणायचे, ‘खोटं बोलू नका, दादा, ताईंना द्या. पुढचं विचारायचंय.’

कौशल्याबाई : पुढचं?

बरकत : गाणं अर्धंच आहे ना, ताई. कॅसेटची बाजू संपते तिथं तुटतं. उरलेलं पुसलेल्या बाजूला. आरफा, शेवट लाव.

आरफा : ‘सूर्य गेला डोंगराआड, मूठ राह्यली हातात, बांधावरचा भाऊ माझा...’ आणि खट्ट. संपलं. मावशी, मी लहानपणी रोज भांडायचे यावरून. सासू म्हणते, सगळं खाचर लाव मगच माहेरी जा. भाऊ न्यायला आलाय, बांधावर बसलाय. ती लावतेय, लावतेय, रोपांची एक मूठ उरलीय, आणि सूर्य बुडाला. मग काय झालं? भाऊ थांबला? गेला? अब्बांना विचारायचे, तर अब्बा म्हणायचे झोप.

बरकत : मला ठाऊक असतं तर सांगितलं नसतं? ही वही बघा. पहिल्यांदा फोन उचलून वैतागायचो. मग लिहायला लागलो. गाव, नाव, नंबर. वाटलं, कधी ती बाई भेटली तर दाखवीन, बघा तुमच्यासाठी कोण कोण आलं होतं. नांदेड. बार्शी. इंदूर. हा एक बेळगावचा, क्रेन चालवायचा, तो म्हणाला, पुढचं कळलं तर अर्ध्या रात्री उठवा. सगळ्यांचा एकच सवाल. भाऊ थांबला का?

कौशल्याबाई : मंग तुमी काय सांगायचा?

बरकत : म्हणायचो, माहीत नाही. शोधतोय.

कौशल्याबाई : समद्यास्नी?

बरकत : बहुतेकांना.

आरफा : अब्बा.

बरकत : सांगतोय गं. त्यासाठीच आलोय. ताई, बार्शीच्या एक रुक्मिणीबाई आहेत. दर पंचमीला त्यांचा फोन. बारा सालापासून एक पंचमी चुकली नाही. जास्त बोलायच्या नाहीत. ‘भाऊ, कळलं का हो पुढचं?’ मी म्हणायचो, नाही. त्या म्हणायच्या, ‘असू द्या, पुढच्या वर्षी विचारते.’ झालं. इतकंच. त्यांचा फोन आला की आमच्या घरात कळायचं, आज नागपंचमी.

आरफा : अम्मी त्यांना पंचमीवाल्या बाई म्हणायची.

बरकत : मग एका वर्षी दुकान पार बसलं होतं. लॉकडाउनमध्ये चार महिने शटर बंद, नंतर उघडलं तर गिऱ्हाईक नाही. भरलेली कार्डं तशीच डब्यात पडून. त्या दिवशी त्यांचा फोन आला. ‘भाऊ, कळलं का?’ आणि माझ्या तोंडून गेलं, ‘गेला असेल, बाई. इतका वेळ कोण थांबतं कुणासाठी?’

कौशल्याबाई : आन्?

बरकत : त्या म्हणाल्या, ‘बरं.’ ठेवला फोन. तीन पंचम्या झाल्या, परत आला नाही.

कौशल्याबाई : तुमी त्याला घालवला?

बरकत : ताई, चुकलो.

कौशल्याबाई : माझ्या गान्यातला भाऊ तुमी परत लावून दिला? कॅसेट घेतलीत ती घेतलीत, चार मान्सांनी ऐकली. नाव तुमचं लावलंत, जाऊ दे, माझं गावात तरी काय मोठं व्हतं? पन ती बाई, पंचमीच्या दिवशी, भाऊ गेला म्हनून ऐकून फोन ठिवती! तुमाला काय अधिकार? तुमी लावलं व्हतं का खाचर?

बरकत : नाही, ताई.

कौशल्याबाई : तिला भाऊ हाय का न्हाई, इचारलं व्हतं का कदी?

बरकत : हिंमत झाली नाही. नंतर मी चार वेळा नंबर काढला तिचा. पण काय सांगणार? ‘थांबला’ म्हणून सांगायचं, तर ते पण खोटंच. खरं मला माहीत नाही. दुनियेत फक्त तुम्हाला माहीत असणार. म्हणून आलो. तुम्ही मला काय बोलायचं ते बोला. पोलिसात जायचं तर मी सोबत येतो. पण ते पुढचं मला सांगा. मला तिला खरं सांगायचंय.

कौशल्याबाई : आठवत न्हाई मला.

आरफा : मावशी, असं नका ना करू.

कौशल्याबाई : नखरा न्हाई, पोरी. खरंच आठवत न्हाई. बारा कडवी मागची, सात पुढची. इतकं मोजून ठावं हाय. पन तोंडात यीना. सूर्य गेला डोंगराआड... मूठ राह्यली... न्हाई. आवो, हे बसून म्हनायचं गानंच न्हाई. वाकून म्हनायचं. हातात रोप लागतं. त्या पिंपरीच्या इस्टुडिओत सुदिक चतुराबाई म्हनली व्हती, मला वाकल्याबिगर सुचंना. आन् आता कुठं रोप? खाचर कुठं हाय आमचं? तुमच्या कंपनीचं पार्किंग हाय तिथं.

आरफा : मावशी, ही कोथिंबीर चालेल?

कौशल्याबाई : काय?

आरफा : निवडायला ठेवलीय ती जुडी. मुळं आहेत तिला.

कौशल्याबाई : येडी का खुळी! ...आन इकडं.

(कौशल्याबाई पदर खोचून उठतात, डाव्या हातात कोथिंबिरीची जुडी धरतात आणि फरशीवर वाकून एकेक काडी मांडत मागं मागं सरकतात. उंबऱ्यापर्यंत जाऊन थांबतात.)

कौशल्याबाई : घावलं.

बरकत : आठवलं?

कौशल्याबाई : समदं. चतुराबाईच्या कोपराचा धक्का सुदिक आठवला. ती धक्का द्यायची, पुढची वळ घे म्हनून.

आरफा : थांबा, मी रेकॉर्डिंग लावते. मावशी, हे आपण तुमच्या नावानं टाकू. व्यवस्थित. कौशल्याबाई आणि चतुराबाई, माण. आणि अब्बांचा नंबर काढून टाकू.

कौशल्याबाई : नंबर कशाला काढतीस? मंग लोकं फोन कुनाला करतील? ऱ्हाऊ दे. दुकानात कुनीतरी उचलाया पायजे. आन् ते मशीन ठिव खाली.

आरफा : का?

कौशल्याबाई : आधी तिला. नऊ वर्सं इचारलं तिनं, आन् तीन वर्सं गप बसली. तिच्या आधी पुढचं तुमी ऐकनार व्हय? लावा फोन, भाऊ.

बरकत : आत्ता? ताई, मी काय बोलू तिच्याशी?

कौशल्याबाई : तुमी कायबी बोलू नका. लई बोलून झालं तुमचं. नुस्ता लावा आन् हिकडं द्या.

बरकत : नंबर बदलला असेल. इतक्या वर्षांत... रिंग जातेय. ताई, रिंग जातेय. घ्या.

कौशल्याबाई : हालो? ...व्हय, कासारवाडीचाच नंबर हाय. पन दुकानवाले न्हाईत बोलत. ...न्हाई न्हाई, ठिवू नका. बाई, ठिवू नका. म्या ती. पदर अडकल्याली. ...व्हय. तीच. म्या माणची. कौशल्या म्हनत्यात मला.

आरफा : काय म्हणतायत?

कौशल्याबाई : गप. खाली बसून घेते म्हनती ती. 

बरकत : सांगा, ताई. सांगा तिला.

कौशल्याबाई : रुक्मिणीबाई, त्यांनी तुमाला सांगितलं ते खोटं हाय. त्यास्नी ठावंच नव्हतं. मागच्या वळीपास्नं घेते, ऐका. आवाज बसलाय माझा, नाव ठिवू नका.

‘सूर्य गेला डोंगराआड, मूठ राह्यली हातात,
बांधावरचा भाऊ माझा उतरला गं चिखलात.’

आरफा : अब्बा...

बरकत : उतरला. उतरला तो. पंधरा वर्षं मी त्याला बांधावर बसवून ठेवला, आरफा. थांबला का गेला, इतकंच मला सुचलं. उतरला असेल, हे नाही सुचलं.

कौशल्याबाई : काय म्हनता, बाई? ...व्हय व्हय, उतरला. नवं धोतर व्हतं, त्येच खोचून उतरला. अर्धी मूठ तिच्या हातात, अर्धी त्याच्या. ...न्हाई, म्हायेरला जायची गाडीबी चुकली न्हाई. ...रडा. रडा, म्या हाय. काय घाई न्हाई. ...चुलीवर काय ठिवलंय का तुमी? मंग उतरवून या. अजून सा कडवी हायेत.